गाईंना ऐकू जाईल म्हणून

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज म्हणजे काय सांगू बाप्पा! आमचं घर नागपूरबाहेर, वाडी गावाच्या पुढे, अमरावती रोडपासून दोन वावरं आत. त्या रोडवर ट्रकांची रीघ तेव्हाही होती. पण पहाटे जाऊबाई गोठ्यात शिरल्या की ट्रकच्या हॉर्नचीही काही मात्रा चालत नसे. "ये वं मायऽऽ, ये!" अशी हाक दारातून सुटायची आणि दावणीच्या साऱ्या गाई एकदम मान वळवायच्या. बसलेल्या उठून उभ्या राहायच्या. मग धारेबरोबर गप्पा सुरू. गप्पा गाईंशी, विषय मात्र मी.

"धाकटीनं काल भाजीत मीठ टाकलं का मिठात भाजी टाकली, काही समजलंच नाही वं माय!" "धाकटी निजून हाय अजून. शिकेल हाय ना ते, तिले कायले उठवतं?" शेजारच्या वावरात पाणी द्यायला आलेली गडीमाणसं फिदीफिदी हसायची आणि मी पांघरुणात दातओठ खात पडलेली असायची. मी नागपुरातली, मास्तरांची मुलगी. आमच्या घरी रेडिओसुद्धा हळू लागायचा. लग्नानंतरची पहिली वर्षं मी देवाजवळ एकच मागायची, की या बाईची बोलती एकदा बंद होऊ दे.

झाली. देव नको ते बरोबर ऐकतो. आणि ती बंद झाली तेव्हा माझं जे झालं ते झालंच, आज इतक्या वर्षांनीही कोणी माझ्यासमोर हळू आवाजात बोलायला लागलं की मला बसल्या जागी कानकोंडं होतं.

जाऊबाई कोण होत्या ते आधी सांगते. माझे मोठे दीर मी या घरात येण्याआधीच गेले होते. मूलबाळ नव्हतं. तेरवी झाल्यावर जाऊबाईंचा भाऊ कुही गावाहून त्यांना माहेरी न्यायला आला. सासरे नको म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "घेऊन जा गा, पण गाई कोण दोहील?" कारण आमच्या गाई दुसऱ्या कोणाच्या हाताला दूधच द्यायच्या नाहीत. सडाला हात लावला की पाठ ताठ करायच्या आणि पान्हा चोरायच्या. भावानं स्वतः बसून पाहिलं, सासऱ्यांनी पाहिलं, गडी बसला. बादलीचा तळसुद्धा झाकला नाही. शेवटी पांढऱ्या लुगड्यातल्या जाऊबाई कोपऱ्यातून उठल्या, गोठ्यात गेल्या आणि "ये वं माय" म्हणाल्या. भाऊ एकटाच परत गेला.

ही गोष्ट जाऊबाई स्वतःच सगळ्यांना सांगायच्या, चांगलं हसून हसून. शेवटी म्हणायच्या, "या घरात मले कोणी ठेवलं? मामाजीनं नाही, भाऊजीनं नाही. गाईयनं ठेवलं." मामाजी म्हणजे आमचे सासरे आणि भाऊजी म्हणजे माझे यजमान. ते तिथेच बसलेले असले तरी हे वाक्य गाळलं जायचं नाही. आणि खोटंही नव्हतं ते. सगळ्या घराचा गाडा दुधावर, आणि दूध जाऊबाईंच्या गळ्यावर. त्यामुळे त्यांनी कोणाला काहीही बोलावं, कोणी उलटून बोलत नसे. त्यांचा तो मान होता आणि तो त्यांनी पुरेपूर वापरून घेतला. लबाड बाई! मला एकदाही धार काढायला शिकवली नाही. मी विचारलं तर म्हणायच्या, "तुह्ये नख वाढून हायेत." मी नखं काढून आले तर म्हणायच्या, "आता तुह्या बांगड्या वाजतेत."

मग त्यांचे हात गेले.

अंगठा आत दुमडून, त्याच्या सांध्यावर सड दाबून धार काढायची त्यांची पद्धत होती. जन्मभर तेच केलं. पुढे पुढे सकाळी बोटं मिटायची नाहीत. जेवताना भाकरी मोडता येईना, तर ताटात दूध ओतून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मले असंच आवडते." लुगड्याची गाठ बांधायला वेळ लागायला लागला. एक दिवस कळशी हातातून सुटली. मी जबरदस्तीनं त्यांना नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बोटं उघडून-मिटून पाहिली आणि सांगितलं, धार काढणं बंद. आजपासून बंद. नाहीतर हात कायमचे जातील.

परतीच्या बसमध्ये जाऊबाई खिडकीतून बाहेर पाहत बसल्या होत्या. वाडीची गोदामं दिसायला लागली तेव्हा म्हणाल्या, "सूज हाय म्हणा. तेल लावाले सांगतलं म्हणा." मी हो म्हटलं. आणि घरी आल्यावर यजमानांना सगळं खरं सांगून टाकलं. काय करणार होते? मी त्यांना रोज भाकरीशी झटताना पाहत होते. तरी सांगताना असं वाटलं की मी कोणाची तरी चहाडी करून राहिले आहे. जाऊबाई दारात उभं राहून ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांनी गाईंना माझ्याबद्दल काही सांगितलं नाही. ते मला जास्त लागलं.

घराचा कारभार आता यजमानांकडे होता, आणि त्यांच्यासमोर दोनच वाटा होत्या. एक तर गाई विकायच्या, नाहीतर दूध काढायचं मशीन आणायचं. कुठल्याशा शेतकी प्रदर्शनात त्यांनी ते मशीन चालताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते बसलंच होतं. तेव्हा आमच्या भागात असं मशीन कोणी ऐकलंही नव्हतं. लोक म्हणाले, यांचं डोकं फिरलं. यजमान म्हणाले, "एकदा लावून पाहू. गाई सरावल्या तर ठीक. नाही सरावल्या तर पोळ्यानंतर बाजार दाखवू, वयनी. माझा इलाज नाही." हे त्यांनी जाऊबाईंना समोर बसवून सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "आणा." एवढंच.

आता माझा मुलगा सांगतो की परदेशात दूध काढायला माणूसच लागत नाही म्हणे. गाय आपली आपणच येऊन उभी राहते आणि यंत्राचा हात आपोआप सड शोधतो. मी म्हटलं, "आणि तिथल्या जाऊबाई कुठे बसतात?" तो पोट धरून हसला. मी काही विनोद केला नव्हता.

आमचं मशीन त्या मानानं साधं. गोठ्याच्या वाश्याला बांधलेला लोखंडी पाइप, एक हवा ओढणारा पंप, झाकणाची बादली आणि तिला जोडलेले रबराचे चार कप, जे सडांना लागायचे. वीज केव्हा जाईल त्याचा नेम नाही, म्हणून विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिनही पंपाला जोडून ठेवलं होतं. मशीन बसवायला कंपनीनं एक फिटर पाठवला. तरणाताठा, हिंदी बोलणारा. गाईंना तो "मॅडम" म्हणायचा. जाऊबाईंना त्याचं फार हसू यायचं.

पहिल्या दिवशी अर्धा गाव गोठ्याबाहेर जमलं. पंप सुरू झाला. टक-टक, टक-टक. तांबडी नावाची आमची सगळ्यात जुनी गाय, तिला कप लावले. तांबडीनं पाठ ताठ केली, डोळे मोठे केले आणि पान्हा चोरला. मशीन नुसती हवा ओढत बसलं. फिटर घामाघूम. यजमानांचं तोंड उतरलं. बाहेरून कोणीतरी म्हणालं, "विका आता भंगारात." तेवढ्यात मागून जाऊबाईंचा आवाज आला, "सोड ना वं माय. अशी काहून करून राहिली? पाव्हणा हाय तो."

आणि काय सांगू, काचेच्या नळीत पांढरं दूध सळसळत आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाऊबाईंनी पदर खोचला आणि अशा काही चालल्या की मशीन त्यांनीच बनवलं असावं.

मग आठवडाभर तसंच चाललं. कप फिटर लावायचा, जाऊबाई दावणीवरून फिरत फिरत बोलायच्या, दूध यायचं. मी मनातून इतकी खूश होते! हात वाचले, मान राहिला, गाई राहिल्या. मी तर देवापुढे साखर ठेवली.

फिटरनं ती साखर कडू केली. जायच्या आधी तो यजमानांना म्हणाला, "ऐसे नहीं चलेगा साहब. ये मशीन से नहीं, माताजी की आवाज से दूध दे रही हैं. माताजी एक दिन बीमार पड़ीं तो सब बंद." शिवाय, तो म्हणाला, जाऊबाई जवळ असल्या की गाई त्यांच्या हाताची वाट पाहतात, वळवळतात, लाथेनं कप पाडतात. गाईंनी पंपाचा आवाज ओळखला पाहिजे, पंप सुरू झाला की पान्हा सोडला पाहिजे. त्यासाठी माताजींनी गोठ्यात यायचं नाही. गाईंना दिसायचं नाही. आणि त्यांचा आवाजही गाईंच्या कानावर पडता कामा नये. महिना, दोन महिने, जितके लागतील तितके.

गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत. आवाज ऐकू जाऊ नये म्हणजे काय, तर बोलायचंच नाही.

यजमानांची मान खाली. मी म्हटलं, "असं कसं होईल? काही दुसरं सांगा." जाऊबाईच बोलल्या. आवाज इतका खाली आणला होता की आधी मला कळलंच नाही त्या बोलून राहिल्या आहेत म्हणून. "होते. काहून नाही होत?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अन् तू माह्यं लुगडं नेस."

त्याचं असं की पूर्वी एकदा जाऊबाई तापानं फणफणल्या होत्या, तेव्हा हयात असलेल्या माझ्या मोठ्या दिरांनी त्यांचं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन गाई दोहल्या होत्या. गाईंना वास ओळखीचा लागला, त्या फसल्या. मिशा असलेला माणूस लुगड्यात धार काढत बसला म्हणून गाव वर्षभर हसलं होतं. ते सांगताना जाऊबाईंना स्वतःलाच हसू आलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं. पहिल्याच दिवशी सवय लावून घेत होत्या.

तर मी पाचवारीवाली बाई, काष्टा घालून, जाऊबाईंचं शेणादुधाचा वास असलेलं लुगडं नेसून गोठ्यात जायला लागले. मी बोलायचं नाही. पंप सुरू करायचा, गव्हाणीत सरकीची ढेप टाकायची, आणि गाईंच्या माना ढेपेत गेल्या की कप लावायचे. जाऊबाई मला नेसवून द्यायच्या. स्वतःच्या बोटांनी गाठ बसत नाही, तर दातांत टोक धरून ओढायच्या. मग मला मागून पुढून पाहायच्या आणि कुजबुजायच्या, "जाय." मी जायची. जाताना वाटायचं की या बाईच्या अंगावरची कातडी काढून मी पांघरली आहे आणि तीच मला म्हणते आहे, नीट बसली की नाही पाहू दे.

फसल्या गाई. पहिल्या दिवशी अर्ध्या फसल्या, मग हळूहळू सगळ्या. दूध वाढत गेलं. चांगलं झालं म्हणून आनंद व्हावा तर लाज वाटे, आणि लाज वाटली की वाटे, अगं, हे सगळं त्यांच्याच हातांसाठी चाललं आहे ना! पण मनाला कितीही समजावलं तरी ते ऐकत नाही.

घरात काय झालं ते सांगते. जाऊबाई कुजबुजायला लागल्या, तर आम्हीही आपोआप कुजबुजायला लागलो. माझी दोन्ही पोरं लहान. त्यांना वाटलं हा खेळ आहे. "मोठी आई, भूक लागली," असं कानात येऊन सांगायची. यजमान कुजबुजत चहा मागायचे. एकदा माझी नणंद आली, तर दारातच चपला काढून रडायला लागली, तिला वाटलं घरात कोणाचं तरी बरंवाईट झालं. जाऊबाईंनी तिला हातानं दंडाला धरून आत आणलं आणि इतक्या हळू आवाजात शिव्या घातल्या की ती आणखी घाबरली.

सुरुवातीला मलाही हसू यायचं. रागावल्या की जाऊबाई कढईवर झारा आपटायच्या. मला बोलवायचं असलं की टाळी. मीठ जास्त झालं की नुसतं माझ्याकडे पाहायचं आणि भिंतीकडे बोट दाखवायचं, म्हणजे गाईंना सांगीन हं! पण ते कमी होत गेलं. झारा शांत झाला. टाळी थांबली. दूध काढायच्या वेळी त्या घराच्या पार दुसऱ्या टोकाला, न्हाणीजवळच्या खोलीत जाऊन बसायच्या आणि तांदूळ निवडायच्या. निवडलेलेच पुन्हा निवडायच्या.

मला काय करू आणि काय नको असं होई. त्यांच्या आवडीची पाटवडी केली. आधी त्यांना वाढलं, त्यांच्या पोळीवर जास्त तूप ओतलं. नागपुरात बर्डीच्या बाजारातून त्यांच्यासाठी चांगलं इरकली लुगडं आणलं. त्यांनी ते ट्रंकेत ठेवून दिलं. यजमानांशी मी विनाकारण भांडले. ते म्हणाले, "मी काय केलं?" खरंच, त्यांनी काय केलं? मी काय केलं? कोणीच काही केलं नव्हतं. सगळे आपापल्या जागी चांगलंच वागत होते, आणि घरातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई न्हाणीजवळच्या खोलीत तोंड मिटून बसली होती.

पोळा आला. बैलांच्या आंघोळी झाल्या, शिंगं रंगवली, झुली घातल्या. दरवर्षी जाऊबाई बैलांना ओवाळताना इतक्या मोठ्यानं बोलायच्या की बैल बिचकायचे. त्या वर्षी बैल गोठ्यापासून दूर, विहिरीजवळ नेऊन उभे केले, तरी त्यांनी ओवाळताना नुसते ओठ हलवले. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडाचे बैल घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसा, मागायला दारात आली, तर जाऊबाईंनी सगळ्यांना तोंडावर बोट ठेवून गप्प केलं आणि खाऊ दिला. पोरं चिडीचूप परत गेली. तान्ह्या पोळ्याला इतकं शांत दार मी कधी पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांना खोकला झाला.

मी गोठ्यात कप लावत होते. आतून खोकल्याची एक उबळ आली, आणि तांबडीनं ढेपेतून तोंड काढून हंबरडा फोडला. मग दुसरी. मग सगळ्या दावणीनं. मी कप तसेच सोडले आणि घरात धावले. जाऊबाई खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. डोळ्यांतून पाणी, मानेच्या शिरा फुगलेल्या, सगळं अंग हादरत होतं. पण आवाज नाही.

माझा तोल गेला. मी त्यांचा हात धरून पदर बाहेर ओढला आणि ओरडले, "बस झालं! खोका मोठ्यानं! बोला मोठ्यानं! आग लागो त्या मशीनला. मी जाते आणि पंप बंद करते."

जाऊबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या वाकड्या बोटांचा, तुपाचा वास असलेला हात. "चूप, भैताड! धार चालू हाय तिकडं." मग जरा श्वास खाली बसल्यावर कुजबुजल्या, "तू कायले रडतं? रोज सकाळी तुह्यं हे रडकं तोंड पाहून मले चहा गोड लागत नाही. मी काय मेली?"

"मग तुम्ही हे काहून करता? कोणासाठी?"

"अवो माय! इतकं शिकली अन् इतकं समजत नाही? मशीन नाही चाललं तर भाऊजी गाई विकतीन. माह्यानं दोहनं होत नाही. मंग मी काय पाहत बसू, खाली दावण? थोडे दिवस हायेत. त्या सरावल्या का मंग त्या दूध मशीनले देतीन, अन् मी दिवसभर त्यायच्या संग बोलीन. कोण अडवते मले?" आणि हसल्या. "तुह्यं सारं सांगाचं राहिलं हाय त्यायले. लय जमा झालं."

मी परत गोठ्यात गेले. कप उचलून पुसले, पुन्हा लावले. त्या दिवसापासून मी गाईंना जास्त मन लावून शिकवलं. लवकर शिकाव्यात म्हणून. ढेप मुठीनं वाढवली. पंपाचा आवाज झाला की ढेप, ढेप पडली की कप. लुगडं सोडून मी माझ्या साडीत गेले, तरी गाई अडल्या नाहीत. पंप सुरू झाला की गाईंच्या आचळांतून कप लावायच्या आधीच थेंब टपकायला लागले. मी किती चांगली शिकवणारी निघाले! मास्तरांची मुलगी ना.

फिटर पुन्हा येऊन पाहून गेला. म्हणाला, अब कोई भी आए-जाए, इनको फर्क नहीं पड़ता.

यजमानांनी जाऊबाईंना सांगितलं, "वयनी, झालं. गाई कुठे जात नाहीत. बोला आता खुशाल." पोरांनी घरभर ओरडून गोंधळ घातला. मी जाऊबाईंना म्हटलं, "चला." त्यांनी ट्रंक उघडली आणि मी आणलेलं ते इरकली लुगडं काढलं. मी नेसवून दिलं, गाठ मी बांधली. त्यांनी केस ओले करून बसवले. माहेरी निघालेल्या बाईसारख्या घाई करून राहिल्या होत्या.

संध्याकाळच्या दुधाची वेळ होती. पंप सुरू होता. टक-टक, टक-टक. गाईंच्या माना गव्हाणीत. जाऊबाई गोठ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. एक हात चौकटीला, छाती भरून श्वास घेतला.

"ये वं मायऽऽ, ये!"

तोच आवाज. शेजारच्या वावरातले लोकसुद्धा वळून पाहायला लागले. यजमान हसायला लागले.

एकाही गाईनं मान वर केली नाही.

जाऊबाई थांबल्या. मग पुन्हा हाक दिली, आणखी मोठ्यानं. तांबडीचा एक कान हलला, त्यावर माशी बसली होती. ओळखलं नाही असं मी म्हणणार नाही, जनावराच्या मनातलं मला काय कळतं? ढेप पुढ्यात होती, पंप चालू होता, आणि पंप चालू असताना दुसरं काही ऐकायचं नाही हे मीच त्यांना शिकवलं होतं. जाऊबाई तांबडीजवळ गेल्या, पाठीवर हात ठेवला. तांबडी त्या नव्या कोऱ्या लुगड्यापासून जरा बाजूला सरकली आणि खात राहिली. नळीतून दूध व्यवस्थित चाललं होतं.

यजमान काहीतरी काम निघाल्यासारखं करून बाहेर गेले. मला कुठे पाहू कळेना. जाऊबाई तशाच उभ्या होत्या, हात अजून तांबडीची पाठ होती तिथेच, हवेत. मग माझ्याकडे वळून विचारलं,

"माह्या आवाजात काही फरक पडला का वं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज तसाच होता. तसूभर फरक नव्हता.

"हो बाई," मी म्हटलं. "इतके दिवस बोलल्या नाहीत ना. घसा बसला आहे तुमचा. घोगरा येतो आहे."

"हाव ना?"

"हो ना. कोण ओळखेल असा?"

"मलेही वाटलंच," जाऊबाई म्हणाल्या.

"दूध-हळद घ्या गरम गरम. होईल ठीक."

मशीनच्या बादलीतलंच दूध घेतलं, दुसरं होतं कुठे? चुलीवर तापवलं, हळद टाकली. जाऊबाई स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, भिंतीपलीकडून टक-टक ऐकू येत होतं. त्यांनी पेला दोन्ही तळव्यांत धरला आणि घोट घोट करून सगळा संपवला.

"चांगलं हाय दूध," त्या म्हणाल्या. कुजबुजतच म्हणाल्या.